कोकणच्या उकाड्यात प्रोसेसर तापतो तेव्हा काय होतं? शिवथर खोऱ्यातल्या पावसाच्या अंदाजाशी त्याचा काय संबंध?

एप्रिल-मे महिन्यांत महाड-पोलादपूर पट्ट्यात लग्नसराई जोरात असते. लग्नाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्यांच्या संगणकांवर याच काळात सर्वाधिक ताण येतो आणि नेमकी याच काळात हवाही तापलेली असते. दोन-तीन तासांचं रेंडरिंग लावलं की पंखा घरघरू लागतो, काम रेंगाळतं आणि कधी कधी संगणक मध्येच बंद पडतो.

पुण्यात पाषाणला असलेल्या महासंगणकापुढेही हाच प्रश्न आहे, फक्त कित्येक पटींनी मोठा. शिवथर खोऱ्यात उद्या किती पाऊस पडेल, याचं गणित तिथे मांडलं जातं. त्यामुळे प्रोसेसर थंड ठेवणं ही फक्त गेम खेळणाऱ्यांची हौस राहिलेली नाही.

प्रोसेसर तापतो कशामुळे?

प्रोसेसरच्या चिपमध्ये अब्जावधी सूक्ष्म स्विच असतात. ते सेकंदाला अब्जावधी वेळा चालू-बंद होतात. यासाठी लागणारी जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णतेच्या रूपात बाहेर पडते.

१९९३ साली आलेला पहिला पेंटियम प्रोसेसर साधारण १५ वॅट वीज घ्यायचा. इंटेलचा कोअर आय९-१४९००के पूर्ण ताणाखाली २५३ वॅटपर्यंत जातो. म्हणजे जुन्या पद्धतीच्या ६० वॅटच्या चार बल्बांएवढी उष्णता, तीही टपाल तिकिटापेक्षा लहान जागेतून.

या चिपला तापमानाची मर्यादा असते. इंटेलच्या या प्रोसेसरसाठी ती १०० अंश सेल्सिअस आहे, तर एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतल्या अनेक प्रोसेसरसाठी ९५ अंश. मर्यादा जवळ आली की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. याला थर्मल थ्रॉटलिंग म्हणतात. तरीही तापमान वाढतच राहिलं, तर चिप जळू नये म्हणून संगणक बंद होतो. म्हणजे संगणक 'हँग' होतोय असं वाटतं, तेव्हा अनेकदा तो स्वतःला वाचवत असतो.

खोलीच्या तापमानाने एवढा फरक पडतो?

पडतो, आणि त्याचं गणित सोपं आहे. पंखा आणि हीटसिंक प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाहीत. दोघांच्या तापमानातला फरक आटोक्यात ठेवणं एवढंच त्यांच्या हातात असतं.

समजा, खोलीत २५ अंश असताना पूर्ण ताणाखाली प्रोसेसर ७५ अंशांवर स्थिरावतो. फरक झाला ५० अंशांचा. तोच संगणक, तेच काम, पण खोली ४० अंशांवर गेली, तर प्रोसेसर ९० अंशांच्या आसपास पोहोचेल. त्यात हीटसिंकवर धुळीचा थर असेल किंवा थर्मल पेस्ट वाळलेली असेल, तर मर्यादा तिथेच गाठली जाते. परदेशातल्या वातानुकूलित खोलीत घेतलेल्या चाचण्यांचे आकडे पाहून कूलर विकत घेतला, तर महाडमध्ये फसगत होते ती यामुळेच.

हवा की पाणी?

संगणकातून ५०० वॅट उष्णता बाहेर काढायची आहे आणि हवा १० अंशांपेक्षा जास्त तापू द्यायची नाही, असं धरू. त्यासाठी दर सेकंदाला सुमारे ४२ लिटर हवा कॅबिनेटमधून खेळवावी लागेल. हेच काम पाण्याने करायचं तर सेकंदाला जेमतेम १२ मिलिलिटर पाणी पुरतं, म्हणजे साधारण अडीच चमचे.

म्हणूनच महागड्या संगणकांत 'लिक्विड कूलर' दिसतो. पण त्याबद्दल एक गैरसमज आहे. लिक्विड कूलर उष्णता नाहीशी करत नाही, ती फक्त चिपपासून रेडिएटरपर्यंत नेतो. तिथून ती खोलीतच येते. खोली बंद असेल, तर थोड्या वेळाने तीच तापलेली हवा पुन्हा आत ओढली जाते. एक टनाचा एसी साधारण साडेतीन किलोवॅट उष्णता बाहेर फेकतो. ५०० वॅटचा संगणक एकटाच त्याच्या क्षमतेचा सातवा हिस्सा खातो.

विदर्भ-मराठवाड्यात चालणारा पाण्याचा एअर कूलर इथे फारसा उपयोगी नाही. पाण्याचं बाष्पीभवन झालं तर हवा गार होते आणि कोकणची हवा आधीच दमट असते. वर तो खोलीतला दमटपणा वाढवतो, जो धातूच्या भागांसाठी चांगला नाही.

पुण्यातला 'अर्क' आणि सह्याद्रीतला पाऊस

२२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली आणि ८० हून अधिक जणांचा जीव गेला. पोलादपूर तालुक्यात साखर-सुतारवाडी आणि केवनाळे इथेही दरडी कोसळल्या. महाड शहर पुराच्या पाण्याखाली होतं. त्याच काळात घाटमाथ्यावर महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला.

महाड ते महाबळेश्वर हवाई अंतर ३० किलोमीटरच्या आसपास आहे, पण उंचीत हजार मीटरहून जास्त फरक आहे. एवढ्या कमी अंतरात पावसाचं प्रमाण झपाट्याने बदलतं. हवामानाचं मॉडेल भूभागाचे चौकोन पाडून गणित करतं. चौकोन १२ किलोमीटरचे असतील, तर खोरं आणि माथा एकमेकांत मिसळून जातात.

२६ सप्टेंबर २०२४ रोजी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतल्या 'अर्क' या महासंगणकाचं लोकार्पण झालं. त्याची क्षमता ११.७७ पेटाफ्लॉप्स आहे. याआधीचा 'प्रत्युष' ४ पेटाफ्लॉप्सचा होता. २६ मे २०२५ रोजी 'भारत फोरकास्ट सिस्टम' सुरू झाली आणि चौकोन ६ किलोमीटरवर आले.

चौकोनाची बाजू निम्मी केली की चौकोनांची संख्या चौपट होते. शिवाय गणिताचे टप्पेही वेळेच्या हिशेबात निम्मे करावे लागतात. म्हणजे काम साधारण आठपट. प्रत्युषला ज्या मॉडेलसाठी १० तासांपर्यंत लागत, ते अर्क ४ तासांत संपवतो असं सांगितलं गेलं. दरडप्रवण वाडीतल्या लोकांना रात्र पडण्याआधी हलवायचं असेल, तर हे सहा तास मोलाचे आहेत.

पण हा वेग टिकतो तो प्रोसेसर थंड राहिले तरच. ते तापून मंदावले, तर अंदाज उशिरा येईल आणि उशिरा आलेल्या अंदाजाचा उपयोग नाही. अर्क ज्या बुलसिक्वाना एक्सएच२००० मालिकेतला आहे, तिच्यात पाणी थेट प्रोसेसरवर बसवलेल्या धातूच्या पट्ट्यांतून फिरवलं जातं. हे पाणी बर्फासारखं गार लागत नाही, कोमटही चालतं. त्यामुळे चिलरवरचा विजेचा खर्च वाचतो.

थंडावा गेला तर काय होतं?

१९ जुलै २०२२ रोजी लंडनमध्ये पारा ४० अंशांवर गेला. त्या दिवशी गाय्ज आणि सेंट थॉमस रुग्णालयांची डेटा सेंटर्स बंद पडली. डॉक्टरांना कागदावर नोंदी ठेवाव्या लागल्या आणि यंत्रणा पूर्ववत व्हायला कित्येक आठवडे गेले.

हा धोका रायगडलाही लागू होतो. पनवेलमध्ये २०२० पासून योट्टा कंपनीचं मोठं डेटा सेंटर आहे आणि नवी मुंबई परिसरात त्यांची संख्या वाढते आहे. एआयमुळे प्रत्येक रॅकमधली उष्णता वाढत चालली आहे. यापुढे डेटा सेंटर येणार म्हटल्यावर किती गुंतवणूक आणि किती रोजगार, यासोबत आणखी दोन प्रश्न विचारायला हवेत. थंड करण्यासाठी पाणी कुठून आणि किती घेणार? आणि संगणकाला लागणाऱ्या प्रत्येक युनिटमागे एकूण किती वीज खर्च होणार? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देणाऱ्या आकड्याला पीयूई म्हणतात. तो १ च्या जितका जवळ, तितका अपव्यय कमी.

घरच्या संगणकासाठी काय करता येईल?

खर्च करण्याआधी फुकटचे उपाय करून पाहावेत.

• कॅबिनेट भिंतीला चिकटवून किंवा टेबलाच्या बंद कप्प्यात ठेवू नये. मागून निघणारी गरम हवा खिडकीकडे जाईल असं पाहावं.
• उन्हाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर हीटसिंक, पंखे आणि जाळीवरची धूळ काढावी. त्या वेळी संगणकाचा प्लग काढलेला असावा आणि पंख्याचं पातं हाताने धरावं.
• तापमान तरीही उतरलं नाही, तर थर्मल पेस्ट बदलावी. ती मुगाच्या दाण्याएवढी पुरते.
• बायोसमध्ये प्रोसेसरची वीजमर्यादा कमी करावी. व्होल्टेज १० टक्क्यांनी उतरलं, तर त्याच वेगाला वीज सुमारे १९ टक्क्यांनी कमी लागते. कामाचा वेग थोडासाच घटतो, उष्णता मात्र बरीच.
• लांबलचक रेंडरिंग रात्री किंवा पहाटे लावावं.

हे सगळं करूनही प्रोसेसर ९५ अंशांखाली येत नसेल, तरच नव्या कूलरवर पैसे घालावेत. आणि तो घेताना दुकानदाराला विचारावं, की खोलीत ३८-४० अंश असताना हा किती वॅट उष्णता पेलेल? डब्यावर छापलेल्या आकड्यापेक्षा या प्रश्नाचं उत्तर जास्त उपयोगाचं आहे.