दोर किती ढिला?

आधार देऊन चालायला शिकवणारी यंत्रं आली, तेव्हापासून जो तो एकच विचारतो, 'किती वजन उचललं?' पेशंटचा पाय घसरला तर दोर त्याला नेमका कुठे अडवणार, हे कुणी विचारत नाही. मला आपला हा दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो. आणि तो नातेवाइकांनीच विचारावा.

आधी प्रकार सांगतो. लकवा झालेल्या किंवा मणक्याला मार लागलेल्या माणसाला छातीपासून मांड्यांपर्यंत पट्ट्यांचं जाकीट घालतात. ते वर रुळाला नाहीतर लोखंडी चौकटीला अडकवतात आणि अंगाचा काही भार तोलून धरतात. पावलं ज्याची त्यानेच टाकायची. भार साधारण ३०-४० टक्क्यांपर्यंतच उचलतात. फारच उचलला तर टाच नीट टेकत नाही, मग ते चालणं कसलं, लोंबकळणंच.

पण भार उचलणं वेगळं आणि पडणं अडवणं वेगळं. संगणकी यंत्रात अंग किती खाली गेलं की दोर थांबावा याचा आकडा टाकतात. साध्या यंत्रात पट्ट्याचा ढिलेपणा हाच तो आकडा. फार ढिला असला तर दोर थांबायच्या आत गुडघे फरशीवर. फार ताठ असला तर खुर्चीत बसायला वाकलं तरी हिसका बसतो, आणि गेलेला तोल सावरणं माणूस शिकतच नाही.

माझे काका मेहकरचे. लकव्यानंतर त्यांना नागपूरला एका ठिकाणी नेत होतो. एके दिवशी आधीचा पेशंट खुर्चीवरून उठ-बस करून गेला होता, म्हणून आकडा मोठा होता आणि तो तसाच राहिला. काकांचा गुडघा वाकला. थेरपिस्ट मुलीने कमरेला मिठी मारली म्हणून वाचले, दोर नंतर ताणला गेला! लागलं काहीच नाही. पण पुढे आठ दिवस काका त्या दोराखाली उभे राहायला तयार नव्हते. "मले भरोसाच नाही रायला त्याचा," एवढंच म्हणायचे. लकव्यात हे आठ दिवस फार महाग पडतात.

त्यानंतर ती मुलगी पहिल्या पावलाआधी काकांना धरून गुडघे हळूहळू वाकवायला लावायची आणि दोर कुठे अडतो ते पाहायची. अर्ध्या मिनिटाचं काम. व्यायाम बदलला की पुन्हा तेच. जाकीट काखेकडे सरकलं असेल तर तेवढं पडणं वाढतं, म्हणून तेही बघायचं. आणि ज्या दिवशी भार कमी केला त्याच दिवशी दोर ढिला करू नये, असं माझं मत.

यंत्राचं फार कौतुकही नको. अमेरिकेत लकव्याच्या ४०८ पेशंटांवर झालेला एक मोठा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. वर्षभराने ५२ टक्के लोकांचं चालणं सुधारलं होतं, पण थेरपिस्टबरोबर घरी ताकदीचे आणि तोलाचे व्यायाम करणारे यंत्रवाल्यांच्या मागे नव्हते. आणि निम्म्याहून जास्त लोक त्या वर्षात एकदा तरी पडलेच. त्यामुळे चिखली-लोणारच्या माणसाने केवळ यंत्रासाठी शेत विकून शहरात खोली करावी, असं मला वाटत नाही. जवळचा चांगला फिजिओथेरपिस्ट गाठावा.

फक्त घरी दोर म्हणजे आपला हात, हे लक्षात ठेवावं लागतं. आपल्याकडे पेशंट डगमगला की लुळा हातच धरून ओढतात. त्या खांद्याचा सांधा आधीच सैल झालेला असतो, तो आणखी निखळतो. कमरेला रुंद पट्टा बांधावा, लुळ्या बाजूला जरा मागे उभं राहावं आणि पट्टा धरावा. ओढून नाही, नुसता धरून.

काकूंना हे आता छान जमतं. वाद आहे तो न्हाणीच्या पायरीचा. काकू म्हणतात फोडा, काका म्हणतात खबरदार!