उंबरठ्यावर थांबलेले शासन

सत्तर वर्षे व त्यावरील सर्व नागरिकांना, त्यांचे उत्पन्न न पाहता, आयुष्मान भारत योजनेखाली आणण्याचा निर्णय केंद्र शासनाने २०२४ मध्ये अमलात आणला. कुटुंबागणिक वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांची ही हमी आहे. तिचे स्वागतच केले पाहिजे. परंतु ही हमी रुग्णालयाच्या खाटेला बांधलेली आहे. अर्धांगवायूचा झटका आलेली वृद्धा रुग्णालयात असेतो तिच्यासाठी लाखांची तरतूद आहे. तिला घरी पाठविले, की दर दोन तासांनी तिची कूस बदलणाऱ्या, तिचे अंग पुसणाऱ्या, तिला घास भरविणाऱ्या माणसासाठी एक पैशाचीही तरतूद नाही. तिचे खरे परावलंबित्व घरी आल्यावर सुरू होते आणि शासनाची जबाबदारी नेमकी तेथेच संपते.

यावर एक ठरलेले उत्तर मिळते. आपली कुटुंबसंस्था भक्कम आहे, आईबापांची सेवा हा आपला संस्कार आहे, पगारी सेवेची थेरे पश्चिमेकडची आहेत, असे सांगितले जाते. हा संस्कार कोणाच्या श्रमावर उभा आहे, हे मात्र सांगितले जात नाही. शासनाच्याच २०२४ च्या वेळवापर पाहणीत त्याचे उत्तर आहे. १५ ते ५९ वयोगटातील ४१ टक्के स्त्रिया घरातील मुले, आजारी व वृद्ध यांची काळजी घेण्याचे काम करीत होत्या आणि त्यावर दिवसाला सरासरी १४० मिनिटे खर्च करीत होत्या. पुरुषांपैकी हे काम करणारे २१.४ टक्के, आणि त्यांचा वेळ ७४ मिनिटे. स्वयंपाक व धुणीभांडी यांचा हिशेब याहून वेगळा. ज्या संस्काराचा गौरव व्यासपीठावरून होतो, तो प्रत्यक्षात सुनेच्या पाठीवर लादलेला विनावेतन बोजा आहे. घरात कोणी अंथरुणाला खिळले, की नोकरी सुटते ती सुनेची आणि शाळा सुटते ती मुलीची. सुखवस्तू घरे पैसे मोजून बाई ठेवतात. संस्काराची परीक्षा तेवढी गरिबाला द्यावी लागते.

कायद्यानेही हाच पक्षपात केला आहे. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थासाठी २००७ मध्ये केंद्राने कायदा केला. मुलांवर त्याने निर्वाहभत्त्याचे बंधन घातले, आणि वृद्धाला वाऱ्यावर सोडणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंतच्या कैदेची शिक्षा सांगितली. शासनाविषयी बोलताना त्याची भाषा एकदम मवाळ होते. निराधार वृद्धांसाठी, प्रत्येक जिल्ह्यात किमान एकापासून सुरुवात करून, दीडशे जणांची सोय होईल असे वृद्धाश्रम राज्य शासन स्थापन ‘करू शकेल’! मुलाने केलेच पाहिजे, शासनाने मात्र वाटल्यास करावे. ज्याची मिळकत दोन वेळच्या भाकरीला पुरत नाही, त्याच्यावर न्यायाधिकरणाने हुकूम बजावून वृद्धेच्या अंथरुणापाशी कोण येणार आहे? आणि सोय झालीच, तर ती घर सोडून जाण्याची. चाळीस वर्षे ज्या ओट्यावर ती बसली, ज्या शेजारणीशी बोलली, ते सारे सोडले तरच तिला सांभाळले जाईल, ही अट अमानुष आहे.

घरी राहून साहाय्य मिळण्याचा हक्क या देशाला अपरिचित आहे असेही नाही. अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या कायद्याने समाजात राहण्याचा हक्क आणि त्यासाठी लागणारे वैयक्तिक साहाय्य मान्य केले आहे. ज्यांना अधिक आधाराची गरज आहे त्यांच्यासाठी काळजीवाहक भत्त्याचाही त्यात उल्लेख आहे. पण त्यामागे शेपूट आहे : शासनाच्या ‘आर्थिक कुवतीच्या व विकासाच्या मर्यादेत’. ही मर्यादा सर्वांना सारखी लागत नाही. कर्तव्य बजावताना शंभर टक्के अपंगत्व येऊन पूर्णपणे परावलंबी झालेल्या केंद्रीय सेवकाला सतत मदतनीस लागतो, हे शासनाने मानले आहे आणि त्यासाठी २०१७ पासून दरमहा ६,७५० रुपयांचा भत्ता ठरविला आहे. तो रास्तच आहे. मग बांधकामाच्या परातीवरून पडून कणा मोडलेल्या गवंड्याला मदतनीस लागत नाही काय? त्याचे अपंगत्व ८० टक्क्यांहून कमी नसेल आणि तो दारिद्र्यरेषेखाली असेल, तर केंद्राचा वाटा महिना ३०० रुपये. साठ ते एकोणऐंशी वयाच्या निराधार वृद्धाला २०० रुपये. राज्ये आपली भर घालतात. पण त्या पैशात औषधे येतील की माणूस येईल, हे ज्याने त्याने आपल्या मनाशी ठरवावे.

शासनाने सोडलेली जागा बाजाराने घेतली आहे. शहरोशहरी ‘ब्यूरो’ निघाले आहेत. बारा-बारा तासांच्या पाळीवर बायका पाठविल्या जातात. घर जे पैसे मोजते आणि बाईच्या हाती जे पडतात त्यांच्यात मधला दलाल बसलेला असतो. तिला रजा नाही, आजारपणाचा आधार नाही, शिक्षण नाही. मलमूत्र काढण्याचे काम आहे म्हणून ते बहुधा दलित व कष्टकरी स्त्रियांच्याच वाट्याला येते; ज्या हातांनी आजोबांना अंघोळ घातली त्या हातांसाठी चहाचा कप वेगळा ठेवणारी घरेही आहेत. प्रतिष्ठेचा प्रश्न येथे दुहेरी होतो. अंग पुसण्यापूर्वी रुग्णाला विचारणे, त्याच्यादेखत त्याच्याविषयी वस्तूसारखे न बोलणे, त्याची लाज राखणे, यांसाठी वेळ लागतो, शिकवण लागते, मनाची शांती लागते. बारा तास उभ्या असलेल्या, उद्याच्या कामाची शाश्वती नसलेल्या बाईकडून ती करुणा फुकट मागणे हा दांभिकपणा आहे. सेवा करणारीचा मान राखला नाही तर सेवा घेणाऱ्याचाही मान राहत नाही.

‘पैसा कोठून आणायचा?’ हा प्रश्न महाराष्ट्राला तरी विचारू नये. रोजगार हमीच्या वेळीही तो विचारला गेला होता. १९७५ मध्ये व्यवसाय कर बसविला गेला, शहरातल्या पगारदाराने खेड्यातल्या भूमिहीनाच्या कामाचा भार उचलला आणि १९७७ मध्ये हमीचा कायदा झाला. विखुरलेल्या श्रमिकांना संरक्षण कसे द्यायचे, हेही याच राज्याने १९६९ च्या माथाडी कायद्याने दाखविले : मंडळाकडे नोंदणी, मंडळामार्फत मजुरी, मालकांवर अधिभार. १९८० मध्ये पुण्याच्या मोलकरणींनी संप करून घरकाम हेही काम आहे असे बजावले. त्यानंतर २००८ मध्ये घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा झाला. परंतु कल्याणाच्या चार योजना म्हणजे वेतनाची हमी नव्हे. घरकामगारांविषयीचा २०११ चा आंतरराष्ट्रीय करार भारताने मतदानाने उचलून धरला, पण स्वतःवर बंधनकारक करून घेतलेला नाही.

घरी जाऊन सेवा देणे अशक्य आहे, असे म्हणणाऱ्यांनी केरळकडे पाहावे. कालिकतमध्ये १९९३ मध्ये सुरू झालेल्या वेदनाशामक सेवेच्या कामातून तेथे गावोगाव स्वयंसेवकांचे जाळे उभे राहिले, २००८ मध्ये राज्याने त्याविषयी धोरण जाहीर केले आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आधाराने परिचारिका रुग्णाच्या घरी जाऊ लागल्या. स्वयंसेवकांचा जिव्हाळा अमोल आहे; पण तो पगारी सेवेला जोड देऊ शकतो, तिची जागा घेऊ शकत नाही. ‘आशा’ सेविकांना स्वयंसेविका म्हणवून शासनाने जे केले तेच येथे पुन्हा करू दिले जाऊ नये.

म्हणून मागणी स्पष्ट असली पाहिजे. अंथरुणाला खिळलेल्या प्रत्येक माणसाच्या घरी प्राथमिक आरोग्य केंद्राची परिचारिका ठरलेल्या दिवशी गेली पाहिजे. घरसेवा करणाऱ्यांसाठी माथाडीच्या धर्तीवर मंडळ स्थापन करून शिक्षण, किमान वेतन, आठ तासांची पाळी व साप्ताहिक सुटी यांची हमी दिली पाहिजे. काळजीवाहक भत्ता ‘कुवतीच्या मर्यादेत’ न ठेवता हक्क म्हणून दिला पाहिजे, आणि घरची स्त्रीच सेवा करीत असेल तर तो तिच्या नावे जमा झाला पाहिजे. ग्रामसभा व प्रभाग यांनी अशा घरांची यादी करण्यापासून कामाला लागावे. या यादीतील माणसे मोर्चाला येऊ शकत नाहीत, मतदान केंद्रापर्यंत पोचणेही त्यांना कठीण. त्यांचा आवाज होणे हे ज्या चळवळीला जमणार नाही, तिने स्वतःला समाजवादी म्हणविण्यात अर्थ नाही.