दुसरीच्या शिडाकडे बघताना

हिवाळ्यात दुपारनंतर कोकण किनाऱ्यावर वायव्येचा वारा सुटतो. गोव्याहून मुंबईला निघालेल्या शिडाच्या बोटीला तो जवळजवळ तोंडावरच येतो. समोरच्या वाऱ्यात शीड नुसतं फडफडतं. म्हणून साधारण ४५ अंशांत तिरकं जायचं, मग वळून दुसऱ्या बाजूला. सरळ १०० मैलांचे १४० होतात!

समोरून गोव्याकडे जाणाऱ्या बोटी मात्र वारा पाठीशी घेऊन भराभर निघून जातात. त्यांच्याशी आपला वेग कशाला मोजायचा? बघायचं ते आपल्याच दिशेने निघालेल्यांकडे. एखादी बोट जास्त कलली, की समजावं, तिथे वारा जोराचा आहे. हा हेवा नव्हे, मैत्रिणींनो, अभ्यास आहे! (शेजारणीकडे बघणं म्हणजे जळणंच, हे कुणी ठरवलं कोण जाणे.)

आणि रात्री जमिनीवरून मतलई वारे सुटले, की किनारा धरून उत्तरेचा बराच पल्ला गाठता येतो. तेव्हा झोपायचं नाही.