काळ्या कडेचे कागद

समोर विरोधी पक्षाचा सभासद तावातावाने बोलतोय आणि पहिल्या बाकावर सत्तरीला टेकलेला पंतप्रधान मान खाली घालून लिहितोय. पाहणाऱ्याला वाटावं, उत्तराची टिपणं काढतोय. ब्रिटनचा पंतप्रधान बेंजामिन डिझरेली याच्या बाबतीत ते पुष्कळदा प्रेमपत्र असायचं.

पत्र जायचं सेलिना ब्रॅडफर्ड या उमरावाच्या पत्नीला. बाई पन्नाशी ओलांडलेली, नातवंडं असलेली. तिचा नवरा डिझरेलीच्याच सरकारात राणीच्या अश्वशाळेचा प्रमुख होता. सेलिनाची थोरली बहीण अ‍ॅन, म्हणजे लेडी चेस्टरफील्ड, विधवा होती. १८७२च्या डिसेंबरात बायको गेली आणि पुढच्याच वर्षी डिझरेलीने अ‍ॅनला लग्नाचं विचारलं. धाकटीच्या आसपास राहता यावं म्हणून हा खटाटोप चाललाय, हे थोरलीने ओळखलं आणि नकार दिला. मग पत्रं दोघींना सुरू झाली. धाकटीला सुमारे अकराशे, थोरलीला पाचशे. आणि ही सगळी काळ्या कडेच्या कागदावर, कारण बायकोचा दुखवटा त्याने मरेपर्यंत सोडला नाही. दुखवट्याच्या कागदावर दुसरीची आळवणी! लोक याला ढोंग म्हणतात. मला वाटतं, त्याला दोन्ही मनापासून वाटत असावं. मुळात तो कादंबरीकार होता.

ही पत्रं १९२९ साली छापून आली. संपादक होता मार्क्वेस ऑफ झेटलंड. बंगालचा हा माजी गव्हर्नर पुढे भारतमंत्री झाला आणि १९४०च्या मार्चमध्ये लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये उधमसिंगांच्या गोळीबारात जखमी झाला. एवढ्या हळव्या पत्रांना असा संपादक लाभावा, हीही एक गंमतच.

पत्रांत काय नाही? जेवणावळी, संधिवाताच्या कळा, कुणाची सोयरीक जुळली, कुणाची फिसकटली. व्हिक्टोरिया राणीला तो ‘परी’ म्हणतो. मधेच राज्याचं गुपितही येतं. २५ नोव्हेंबर १८७५ला त्याने सेलिनाला कळवलं की इजिप्तच्या खेदिवाचे सुएझ कालव्यातले शेअर आपण घेतले. संसदेचं अधिवेशन नव्हतं, म्हणून चाळीस लाख पौंड रॉथशिल्डच्या पेढीकडून उचलले होते. वर्तमानपत्रातून लोकांना हे कळलं ते दुसऱ्या दिवशी. आजच्या एखाद्या मंत्र्याचं असं पत्र हाती लागलं तर केवढा गदारोळ होईल!

पण सुएझची कथा शंभरदा सांगून झाली आहे. मला जास्त मोलाचं वाटतं ते त्याच वर्षीच्या जूनमधलं, कामगार कायद्यांवर लिहिलेलं पत्र. तोवर इंग्लंडात मालकाने करार मोडला तर दिवाणी दावा आणि मजुराने मोडला तर फौजदारी, वेळप्रसंगी तुरुंग, असा न्याय होता. दरवर्षी हजारो मजुरांवर खटले व्हायचे. १८७५च्या दोन कायद्यांनी करारभंग दोघांसाठी दिवाणी केला. गॅस-पाणी तोडण्यासारखे अपवाद राहिले. संप करणं आणि कारखान्याच्या दाराशी शांतपणे उभं राहणं हाही गुन्हा उरला नाही. ही कल्पना डिझरेलीची नव्हती. गृहमंत्री रिचर्ड क्रॉस याची ती मेहनत. या क्रॉसने आठवणींत लिहून ठेवलंय की पंतप्रधानाच्या डोक्यात सुधारणांचे आराखडे भरलेले असतील अशी आपली समजूत होती, पण पहिल्याच बैठकीत ती उतरली. डिझरेलीकडे तयार असं काही नव्हतंच.

मग त्याने केलं काय? ते सेलिनाला लिहिलेल्या पत्रातच सापडतं. तिथे क्रॉसचं नाव ‘सेक्रेटरी एक्स’ आहे. क्रॉस म्हणजे फुली, तीच त्याने नावाच्या जागी मारली. या ‘फुली’ने मंत्रिमंडळात योजना मांडली तेव्हा बरेच जण विरोधात होते, बाजूने एकटा मी, असं तो सांगतो. निर्णय त्या दिवशी झाला नाही तो केवळ पंतप्रधानाचा मान राखायचा म्हणून. मधल्या दिवसांत मंत्र्यांची समजूत पटली. बस, एवढंच.

स्वतःची पाठ थोपटणारं लिखाण आहे, कबूल. पण मला ते खरं वाटतं, कारण त्यात मोठेपणाचा दावा फार छोटा आहे. कायदा मी रचला असं तो म्हणत नाही. बैठक उधळू दिली नाही, एवढंच म्हणतो. सुधारकांच्या चरित्रांत या कामाला जागा मिळत नाही. मसुदा पेटीत ठेवून ‘पुढच्या वेळी पाहू’ म्हणणारा माणूस भाषणात दिसणार कसा?

हिशेबही तो लपवत नाही. १८६७ साली शहरी कामगारांना मत मिळालं ते त्याच्याच विधेयकातून. आता लेडी चेस्टरफील्डला तो लिहितो की या कायद्याने कामगारवर्गाची माया आपल्या पक्षाला कायमची लाभेल.

त्याच १८७५च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात कुणबी सावकारांच्या दुकानांवर चालून गेले होते. कर्जरोखे हिसकावले, जाळले. तिथेही प्रश्न कराराचाच होता. दिवाणी कोर्टाचा हुकूमनामा हाती असलेला सावकार आणि अंगठा उठवून मोकळा झालेला शेतकरी. त्यांच्यासाठीचा कायदा याच सरकारच्या अमदानीत, १८७९ साली झाला, पण मधे दुष्काळ पडला आणि दिल्लीत राणीच्या ‘भारताची सम्राज्ञी’ या नव्या किताबाचा दरबारही भरला. दख्खनच्या कुणब्याला मत नव्हतं. त्याच्या मायेची किंमत कोण करणार?

कामगारांची ‘कायमची’ माया पाच वर्षं टिकली. १८८०च्या निवडणुकीत पक्ष साफ आपटला आणि वर्षभरात डिझरेली गेला. सत्तेवर आलेल्या ग्लॅडस्टनने त्याच्या परराष्ट्र धोरणाला नावं ठेवली, अफगाणिस्तानातून फौजा मागे घेतल्या. फुलीच्या कायद्यांना मात्र त्याने हात लावला नाही.