यंत्रामागचा माणूस कोण?

शेणव्याच्या एखाद्या कातकरी तरुणाला संशयावरून पकडले आणि 'खोटे पकडणाऱ्या' यंत्रापुढे बसवायचे ठरवले, तर त्याने काय करावे?

पॉलिग्राफ खोटे पकडत नाही. ते श्वास, नाडी, रक्तदाब आणि कातडीचा घाम एवढेच नोंदवते. नाडी तर भीतीनेही उडते आणि पोलिसांची भीती गरिबाच्या अंगात मुरलेली असते! ही भीती की खोटेपणा, हे यंत्र नव्हे, परीक्षक ठरवतो. मग त्याचे शिक्षण काय, अनुभव किती, कातकऱ्याची बोली त्याला कळते काय, हे विचारायला नको?

राज्यघटनेचे कलम २०(३) आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष देण्याच्या सक्तीपासून वाचवते. सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०१० रोजी सेल्वी खटल्यात सक्तीची चाचणी घटनाबाह्य ठरवली. संमती न्यायदंडाधिकाऱ्यापुढे घ्यावी, चाचणी स्वतंत्र संस्थेने वकिलासमक्ष करावी, हे मानवाधिकार आयोगाचे २००० सालचे नियमही बंधनकारक केले. पण कलिन्याची सरकारी न्यायसहायक प्रयोगशाळा पोलिसांच्याच गृहखात्याखाली आहे. याला स्वतंत्र म्हणायचे काय?

बांधवांनो, नकार हा गुन्हा नव्हे, हक्क आहे. कागदावर अंगठा उमटवण्याआधी वकील मागा. परीक्षक कोण, ते विचारा!