पाठांतर कोणाचे, निवड कोणाची?

आंबेडकरी तरुणांच्या बैठकांत एक वाक्य वारंवार ऐकू येते. "ख्रिस्ती लोक बायबलची वचने पोपटासारखी पाठ करतात, आपण मात्र बुद्धिवादी आहोत." ऐकायला बरे वाटते, टाळीही मिळते. पण हा बुद्धिवाद अर्धवट आहे. पाठांतराला नावे ठेवण्याआधी तीन प्रश्न विचारावे लागतात. काय पाठ करायचे हे कोण ठरवतो? अर्थ लावण्याचा अधिकार कोणाकडे राहतो? आणि पाठ केलेले कोणाच्या विरोधात, कोणाच्या बाजूने वापरले जाते? आमचे म्हणणे एवढेच आहे की पाठांतराने कोणी गुलाम होत नाही आणि मुक्तही होत नाही. निवड आणि अर्थ ज्याच्या हातात, सत्ता त्याच्या हातात.

आधी ही प्रथा नीट समजून घेऊ. प्रोटेस्टंट, विशेषतः इव्हँजेलिकल ख्रिस्ती लोकांत वचन पाठ करणे ही साधना मानली जाते. स्तोत्रसंहितेच्या ११९ व्या स्तोत्राचा त्याला आधार दिला जातो. देवाचे वचन अंतःकरणात साठवले की माणूस पापापासून राखला जातो, असा त्याचा आशय. अमेरिकेत डॉसन ट्रॉटमन याने १९३० च्या दशकात सुरू केलेल्या नॅव्हिगेटर्स संस्थेची ६० वचनांची पद्धत प्रसिद्ध आहे. खिशात मावणारी कार्डे, विषयवार वचने, अध्याय-ओवीचा क्रमांक आणि नित्य उजळणी. श्रद्धावंत सांगतात की आजारपणात, तुरुंगात, एकटेपणात पुस्तक हाताशी नसते, तेव्हा पाठ असलेले वचनच सोबत असते. हे हसण्यावारी नेण्यासारखे नाही.

पण याच बायबलात आणखी एक गोष्ट आहे. मत्तयाच्या चौथ्या अध्यायात रानात उपाशी असलेला येशू सैतानाला तीनदा उत्तर देतो, तिन्ही वेळा अनुवाद या ग्रंथातल्या वचनांनी. त्याच प्रसंगात सैतानही वचन म्हणतो, आणि ते ९१ व्या स्तोत्रातले असते! म्हणजे वचन तोंडपाठ असणे हा सत्याचा पुरावा नाही, हे खुद्द बायबलच सांगते. सैतानाचेही पाठांतर चोख होते.

आता अमेरिकेतल्या गुलामगिरीकडे वळू. तो इतिहास आपल्याला परका नाही. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती तिथल्या गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या लोकांना. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले ते निग्रोंच्या आणि अस्पृश्यांच्या स्थितीतले साम्य ओळखूनच.

साउथ कॅरोलायनात १७४० च्या कायद्याने गुलामांना लिहायला शिकवणे गुन्हा ठरले, १८३४ मध्ये वाचायला शिकवणेही. नॉर्थ कॅरोलायनाने १८३० मध्ये तसाच कायदा केला. १८३१ च्या ऑगस्टमध्ये व्हर्जिनियात नॅट टर्नर यांनी उठाव केला. ते स्वतः बायबल वाचणारे धर्मोपदेशक होते. त्यानंतर दक्षिणेत साक्षर गुलामाची धास्ती आणखी वाढली.

मग मालकांनी गुलामांना धर्मापासून दूर ठेवले का? नाही. त्यांनी धर्म दिला, पण निवडून दिला. १८०७ मध्ये लंडनला वेस्ट इंडिजच्या ब्रिटिश वसाहतींतल्या गुलामांसाठी एक बायबल छापले गेले. त्यात जुन्या कराराचा सुमारे ९० टक्के आणि नव्या कराराचा सुमारे निम्मा भाग गाळला होता. इस्राएली लोक मिसरच्या दास्यातून बाहेर पडतात ती कथा गाळली. दास आणि स्वतंत्र हा भेद आता उरला नाही, असे सांगणारे गलतीकरांस पत्रातले वचन गाळले. दासांनी धन्याच्या आज्ञेत राहावे, हे इफिसकरांस पत्रातले वचन मात्र शाबूत ठेवले. कात्री कोणाच्या हातात होती ते वेगळे सांगायला नको.

जॉर्जियातला पाद्री चार्ल्स कोलकॉक जोन्स स्वतः गुलामांचा मालक होता. त्याने १८३४ मध्ये गुलामांसाठी प्रश्नोत्तरांचे पुस्तक काढले. शिकवायचे ते तोंडी. प्रश्न पाद्र्याने विचारायचा, ठरलेले उत्तर गुलामाने पाठ म्हणायचे. अक्षरओळख नाही, उलट प्रश्न नाही. याच जोन्सने एकदा फिलेमोनास लिहिलेल्या पत्रावर प्रवचन दिले. पौल अनेसिम नावाच्या दासाला मालकाकडे परत पाठवतो तो हा प्रसंग. त्याचा आधार घेऊन जोन्सने पळून जाणाऱ्या गुलामांचा निषेध केला. तेव्हा निम्मे श्रोते उठून चालते झाले, आणि काहींनी असले पत्र बायबलात नाहीच असे ठणकावून सांगितले. हे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. बंधूंनो, बहिणींनो, वाचता न येणाऱ्या माणसांनी केलेली ग्रंथचिकित्सा ती हीच!

पाठांतर मालकांचेही होते. फ्रेडरिक डग्लस यांनी १८४५ च्या आत्मचरित्रात आपल्या धन्याची हकिकत सांगितली आहे. तो एका अपंग तरुण स्त्रीला बांधून रक्तबंबाळ होईपर्यंत चाबकाने मारी आणि समर्थनार्थ लूकच्या शुभवर्तमानातले वचन म्हणे. धन्याची इच्छा ठाऊक असून न वागणाऱ्या दासाला फटके बसतील, हे ते वचन. चाबूक आणि वचन एकाच माणसाकडे होते.

दुसऱ्या बाजूला नॅन्सी अँब्रोज होत्या. जन्माने गुलाम, निरक्षर, पुढे फ्लोरिडात राहिलेल्या. त्यांचे नातू हॉवर्ड थर्मन हे मोठे कृष्णवर्णीय धर्मचिंतक झाले. लहानपणी आजीला बायबल वाचून दाखवणे हे त्यांचे काम. आजी पौलाची पत्रे वाचू देत नसत. अपवाद एकच, प्रेमावरचा करिंथकरांस पहिल्या पत्रातला १३ वा अध्याय, तोही कधीमधी. नातवाने पुढे कारण विचारले. मालकाचा पाद्री गुलामांपुढे बोलायला यायचा तेव्हा कायम पौलाचेच वचन सांगायचा, दासांनो आज्ञेत राहा म्हणून. स्वातंत्र्य मिळाले आणि वाचता आले तर तो भाग कधीच वाचणार नाही, असा त्यांनी निश्चय केला होता. थर्मन यांनी ही आठवण १९४९ च्या 'जीझस अँड द डिसइनहेरिटेड' या पुस्तकात नोंदवली आहे. कात्री आता आजीच्या हातात होती. धर्म न सोडताही शोषिताने निवडीचा अधिकार हिसकावून घेतला, तो असा.

आता आपल्याकडे पाहा. गौतम धर्मसूत्रात शूद्राने वेद ऐकला तर कानात तापलेला रस ओतावा, उच्चारला तर जीभ छाटावी, आणि स्मरणात ठेवला तर शरीर चिरावे, असे सांगितले आहे. तिसरी शिक्षा नीट लक्षात घ्या. नुसते पाठ असणे हाच गुन्हा! अमेरिकेतल्या मालकाने निवडक वचने डोक्यात कोंबली, ब्राह्मणी व्यवस्थेने डोकेच बंद ठेवायला सांगितले. रीत वेगळी, हेतू एकच. शोषितांच्या स्मरणशक्तीची भीती दोघांनाही होती.

मराठी मुलखातले एक उदाहरण या संदर्भात महत्त्वाचे आहे. पंडिता रमाबाईंनी लहानपणीच भागवताचे हजारो श्लोक मुखोद्गत केले होते. १८८३ मध्ये त्या ख्रिस्ती झाल्या. सनातन्यांनी झोड उठवली तेव्हा जोतीरावांनी 'सत्सार'मधून त्यांची बाजू घेतली. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये रमाबाईंनी वर्षानुवर्षे खपून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले, सामान्य बायकांना कळावे म्हणून. एवढे पाठांतर असलेल्या बाईने आयुष्याची शेवटची वर्षे अर्थासाठी घालवली.

याचा अर्थ आम्ही चर्चची वकिली करतो असा नाही. धर्मांतरित अस्पृश्यांची जात चर्चने मोडली का, हा बाबासाहेबांचा प्रश्न आजही उभा आहे. तमिळनाडूत दलित ख्रिस्ती माणसाला वेगळी दफनभूमी दिली गेली, ती देणाऱ्यांनाही गलतीकरांस पत्रातले ते वचन पाठ असणारच. पाठ असून वागणुकीत नाही, मग ते वचन कसले?

हाच प्रश्न आपल्या विहारांनाही लागू आहे. बुद्धवचन शेकडो वर्षे भिक्खूंच्या पाठांतरावर जगले, लिहिले गेले ते पुढे श्रीलंकेत. म्हणजे पाठांतराची परंपरा आपलीही आहे. पण त्याच बुद्धांनी कालामांना सांगितले की परंपरा आहे म्हणून किंवा ग्रंथात आहे म्हणून काही मानू नका. धम्मपदात नुसते पठण करणाऱ्याला दुसऱ्याच्या गायी मोजणाऱ्या गुराख्याची उपमा आहे. मग त्रिसरण-पंचशील पालीत घडाघडा म्हणणाऱ्या मुलाला 'वेरमणी' म्हणजे काय हे ठाऊक नसेल, तर तो कोणाच्या गायी मोजतो? १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी २२ प्रतिज्ञा मराठीत दिल्या, कळाव्यात म्हणून. जयंतीच्या मंचावर त्या वेगात म्हणण्याची स्पर्धा लावणे हा त्यांचा अपमान आहे.

कोणी म्हणेल, सगळे मोबाइलमध्ये असताना पाठ कशाला करायचे? पोलीस ठाण्यात अत्याचाराची तक्रार घेऊन गेलेल्या बाईला विचारा. ठाणे अंमलदार "आधी चौकशी करू, मग बघू" म्हणतो तेव्हा मोबाइल काढून शोधायला उसंत नसते. तिथे तोंडात असावे लागते की ॲट्रॉसिटी कायद्याच्या कलम १८ अ प्रमाणे गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची गरज नाही, आणि कलम ४ प्रमाणे कर्तव्यात कसूर करणारा लोकसेवक स्वतः शिक्षेस पात्र ठरतो, तो स्वतः अनुसूचित जाती-जमातीचा नसेल तर. वचन संकटात सोबत असते हे ख्रिस्ती माणसाचे म्हणणे इथे शंभर टक्के खरे ठरते. फक्त आपले वचन कायद्याचे आहे आणि ते आपण लढून मिळवले आहे.

म्हणून येत्या वर्षावासात प्रत्येक विहारात हे करा. आठवड्याला एकच गोष्ट पाठ करायला द्या. एक गाथा, एक प्रतिज्ञा, संविधानाचे कलम १७ किंवा ॲट्रॉसिटीचे एक कलम. पाठ झाल्यावर मुलाने अर्थ स्वतःच्या शब्दांत सांगायचा. मग एक प्रश्न किंवा आक्षेप मुलानेच काढायचा, आणि मोठ्यांनी त्याला गप्प न करता उत्तर द्यायचे. उत्तर येत नसेल तर पुढच्या आठवड्यात शोधून आणायचे. पुढची गोष्ट कोणती निवडायची हे मुलांना ठरवू द्या. फिलेमोनच्या प्रवचनातून उठून गेलेल्या त्या निरक्षर माणसांइतकी हिंमत आपल्या साक्षर पोरांत यायला हवी, समोर पाद्री असो, भटजी असो, भन्ते असोत की आपलाच नेता.

जय भीम! नमो बुद्धाय!