सैतानाचा ‘मी’ आणि आपले ‘आम्ही’

‘सैतान’ हा शब्द आमच्या बेळगावच्या खडेबाजारात तीन भाषांत चालतो. मराठी आई तो खोडकर पोराला लावते, उर्दू बोलणारा दुकानदार तो सौद्यात फसवणाऱ्या दलालाला लावतो, आणि कानडी गिऱ्हाईक तो ऐकून मुळीच दचकत नाही, कारण त्याच्याही बोलीत तो केव्हाचा रुळलेला आहे. इतक्या मुखांतून फिरल्यामुळे त्याची धार बोथट झाली आहे. त्यामुळे अमेरिकेत सैतानाच्या नावाने रीतसर पंथ निघाले असून त्यांपैकी एकाला २०१९ साली तिथल्या कर खात्याने चर्च म्हणून मान्यताही दिली, असे सांगितले तर ऐकणारा आधी हसतो आणि मग हळूच विचारतो, “म्हणजे ही माणसे मध्यरात्री बोकड कापतात की काय?”

तसे काही नाही. आणि नाही म्हणूनच हा विषय वाचकांपुढे मांडावासा वाटला. या पंथांच्या मुळाशी भुताखेतांची भीती नसून एक तत्त्वविचार आहे. माणूस मोठा की त्याचा समाज मोठा, हा तो प्रश्न. सीमाभागात राहणाऱ्या माणसाला हा प्रश्न पुस्तकातला वाटत नाही.

पहिला पंथ अँटन लाव्हे या गृहस्थाने ३० एप्रिल १९६६ रोजी सॅन फ्रान्सिस्को शहरात काढला. १९६९ साली त्याने आपल्या मताचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात सैतान म्हणून कोणी शिंगे असलेली व्यक्ती खरोखर असते, असे त्याने मानलेले नाही. सैतान हे त्याच्या लेखी एक प्रतीक. हिब्रू भाषेत या शब्दाचा मूळ अर्थच ‘विरोधक’, आडवा येणारा. इस्लामी परंपरेतल्या इब्लिसाने आदमापुढे वाकायला नकार दिला, आणि इंग्रज कवी मिल्टनने १६६७ सालच्या आपल्या महाकाव्यात सैतानाला असा काही तेजस्वी बंडखोर रंगवला की पुढच्या पिढ्यांतले कवी त्याच्याच बाजूला झुकले. लाव्हेने हा ‘नाही’ म्हणणारा उचलला आणि सांगितले की, माणसाने दुसऱ्या कोणापुढे वाकू नये; त्याचा देव तोच. पापाच्या भीतीने देहाच्या इच्छा मारू नयेत. जो दया करण्यास पात्र नाही त्याच्यावर ती उधळू नये. एक गाल मारला म्हणून दुसरा पुढे करू नये. या पंथात सर्वांत मोठा सण कोणता, तर ज्याचा त्याचा स्वतःचा वाढदिवस!

या मताची थट्टा करणे सोपे आहे. पण त्यातला खरा भाग आधी पदरात घेतला पाहिजे. समाजाने ठरवलेली श्रद्धा ही पुष्कळदा श्रद्धा नसतेच, ती हजेरी असते. शेजारी काय म्हणतील, भाऊबंद काय म्हणतील, मुलीचे लग्न जमेल की नाही, या धाकाने माणूस रांगेत उभा राहतो आणि त्या उभे राहण्यालाच भक्ती म्हणतो. दर अमावास्येला आमच्या बाजारात दुकानांच्या दारांवर लिंबू-मिरच्या टांगल्या जातात. टांगणाऱ्यांपैकी किती जणांचा त्यांवर विश्वास असतो? “सगळे बांधतात म्हणून बांधतो,” हेच उत्तर मला अधिक वेळा मिळाले आहे. या ‘सगळे’वर लाव्हेचा राग आहे, आणि तो अगदीच अस्थानी आहे असे कोण म्हणेल?

आपल्याकडे या विरोधकाची परंपरा नाही असे मात्र समजू नये. आपल्या लोकांनी सर्व वाईटाचे खापर एकाच सैतानावर कधी फोडले नाही. महिषासुराला देवीने मारले म्हणून आपण नवरात्र करतो, आणि त्याच महिषाशी ज्याचे नाते अभ्यासक जोडतात त्या म्हसोबाला बांधावर शेंदूरही लावतो. बळीला वामनाने पाताळात घातले, तरी दिवाळीत आयाबहिणी बळीचे राज्य येवो असे म्हणूनच ओवाळतात. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिली तेव्हा त्यांनी नेमकी हीच पराभूत पात्रे उचलली. पुराणात दैत्य ठरलेला बळी हा त्यांनी कुणब्यांचा न्यायी राजा म्हणून उभा केला. शत्रूने ज्याला दैत्य म्हटले त्याच्याच नावाने अभिमानाने उभे राहायचे, ही युक्ती लाव्हेच्या त्र्याण्णव वर्षे आधी पुण्यात वापरली गेली होती.

फरक आहे तो पुढच्या पावलात. फुल्यांनी बळी उचलला आणि त्याच वर्षी सत्यशोधक समाज स्थापन केला. नाव बघा, ‘समाज’. गोपाळ गणेश आगरकरांचेही तसेच. कऱ्हाडजवळच्या टेंभूचा हा मुलगा मिल्ल आणि स्पेन्सर वाचून पक्का व्यक्तिवादी झाला; १८८८ साली त्याने ‘सुधारक’ काढले; पुण्याच्या सनातन्यांनी त्याच्या जिवंतपणीच त्याची प्रेतयात्रा काढली. बुद्धीखेरीज कोणाला शरण न जाणारा याहून एकांडा माणूस मराठीत शोधून सापडायचा नाही. पण आगरकर भांडले कशासाठी? स्वतःच्या सुखोपभोगासाठी नव्हे, तर बालविधवेच्या केशवपनाविरुद्ध आणि संमतिवयासाठी. ज्यांना स्वतःचा ‘मी’ उच्चारण्याची सोयच नव्हती, त्यांच्या ‘मी’साठी त्यांनी आपला ‘मी’ खर्ची घातला. लाव्हेच्या व्यक्तिवादात बलवानाला मोकळीक आहे; दुबळ्याला मोकळे कोणी करायचे, याचे उत्तर त्यात मला सापडत नाही.

हे उत्तर शोधायला आपल्याला अमेरिकेत जाण्याचे कारण नाही. खडेबाजारातून एसटी स्टँडकडे चालत गेले आणि सौंदत्तीची गाडी धरली की पुरे. मार्गशीर्ष आणि माघ पौर्णिमेला कोल्हापूर भागातून यल्लम्माच्या डोंगरावर किती माणसे लोटतात, हे करवीरच्या वाचकांना मी सांगायला नको. त्या भक्तीतला उमाळा, चौंडक्याचा नाद, एका ताटातले जेवण, या सगळ्याला मी नावे ठेवीत नाही. पण त्याच समूहश्रद्धेने कैक पिढ्या लहान मुलींच्या केसांत जट झाली की ती देवीची हाक मानली, आणि त्या मुलींच्या गळ्यात मोती बांधून त्यांना देवाला सोडले. तेल-कंगव्याची हेळसांड झाली म्हणून केस गुंतले, असे कोणी म्हणायचे नाही. देवीचा कोप सगळ्या गावावर येईल, हा धाक पुढे करायचा. आणि मग गावाचे भले एका पोरीच्या देहावर तोलायचे. समष्टीच्या श्रद्धेवर घेण्यासारखा याहून मोठा आक्षेप माझ्या माहितीत नाही.

कायदे झाले नाहीत असे नाही. शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात १९२० साली ही प्रथा मोडण्यासाठी कायदा केला, मुंबई इलाख्यात १९३४ साली झाला, कर्नाटकाने १९८२ साली केला. पण कागदावरचा ‘मी’ प्रत्यक्षात उभा राहिला तो निराळ्या रीतीने. याच बेळगाव जिल्ह्यातल्या सीतव्वा जोडट्टी यांना लहानपणीच देवीला सोडण्यात आले होते. पुढे १९९७ साली या प्रथेतून बाहेर पडलेल्या बायकांनी आपली स्वतःची संस्था उभी केली. महिला अभिवृद्धी व संरक्षण असा तिच्या नावाचा अर्थ, आणि ‘मास’ हे तिचे आटोपशीर नाव. सीतव्वा त्या संस्थेच्या चालक झाल्या, आणि २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. एकेकट्या जोगतिणीला “तू स्वतःच स्वतःची देवता आहेस” असे सांगून तिची सुटका झाली नसती. तिला रात्री आसरा देणारे घर हवे होते, पोराच्या शाळेच्या दाखल्यावर नाव घालायला कोणी हवे होते, बचतगटाचे चार पैसे हवे होते, आणि “आम्हीही त्यातूनच आलो” असे म्हणणाऱ्या पाच-पंचवीस बायका हव्या होत्या. एका ‘आम्ही’ने बांधलेला ‘मी’ दुसऱ्या ‘आम्ही’च्या हाताने सुटला.

सदाशिवनगरच्या स्मशानभूमीतही मला हेच दिसते. ६ डिसेंबर २०१४ रोजी, डॉ. आंबेडकरांच्या महापरिनिर्वाणदिनी, तेव्हाचे मंत्री सतीश जारकीहोळी यांनी बेळगावच्या या स्मशानात जेवण घेतले आणि रात्र तिथेच काढली. पुढेही ६ डिसेंबरला तिथे मानव बंधुत्व वेदिकेचे कार्यक्रम होत राहिले. या कृतीत राजकारण किती आणि प्रबोधन किती, याचा हिशेब ज्याने त्याने करावा. मला महत्त्वाचे वाटते ते हे की, स्मशानाची भीती मोडायला एकटा माणूस गेला असता तर त्याला वेडा म्हटले असते. पंगत बसली म्हणून भीती मोडली. दाभोलकर, पानसरे, कलबुर्गी, गौरी लंकेश यांच्या २०१३ ते २०१७ या काळातल्या हत्यांनंतर एकट्या विचारवंताची किंमत काय पडते, हे कोल्हापूर आणि धारवाड या दोन्ही गावांना पुरते समजले आहे.

आता दुसरी बाजू. समूहाला शिव्या देणे आम्हा सीमाभागातल्यांना परवडणारे नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव, निपाणी, खानापूर ही गावे म्हैसूर राज्यात गेली. तेव्हापासून इथली मराठी शाळा, वाचनालये, नाट्यगृहांतले प्रयोग तगले ते एकेकट्याच्या आवडीने नव्हे, तर ‘आपण मराठी’ या सामुदायिक हट्टाने. या हट्टाची कटुताही आम्ही पाहिली आहे. भाषेच्या नावाने पाट्यांना काळे फासणारे हात दोन्हीकडे आहेत, आणि शेजारच्या कानडी मित्राशी मोकळेपणी बोलणाऱ्याला दोन्हीकडून टोमणे बसतात. पण हट्टच नसता तर बोलायला भाषाही उरली नसती. म्हणून समष्टी टाकावी की व्यष्टी, असा प्रश्नच चुकीचा आहे.

प्रश्न आहे तो समूहातून बाहेर पडता येते की नाही, याचा. डॉ. आंबेडकरांनी एप्रिल १९२५ मध्ये निपाणीत बहिष्कृत वर्गाची परिषद घेतली, तेव्हा गावाने बाहेर ठेवलेल्यांचा हा प्रश्न त्यांच्यापुढे होता. आणि ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मसुदा मांडताना त्यांनी समाधानाने सांगितले की, या घटनेने खेडे बाजूला ठेवून व्यक्ती हाच घटक मानला आहे. तरी वाद संपला नाही. वाळीत टाकण्यास बंदी करणारा मुंबई राज्याचा १९४९ चा कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली दाऊदी बोहरांच्या खटल्यात रद्द ठरवला. समाजातून काढण्याचा धर्मगुरूंचा अधिकार हा धर्मस्वातंत्र्याचाच भाग आहे, असे बहुमत पडले. महाराष्ट्राने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध नवा कायदा केला, आणि २०२३ साली न्यायालयाने तो जुना निकाल फेरविचारासाठी मोठ्या पीठाकडे धाडला. ‘मी’ आणि ‘आम्ही’ यांचे भांडण आपल्या देशात असे कोर्टाच्या पायरीवर उभे आहे.

गंमत अशी की, खुद्द सैतानाच्या अनुयायांनाही हे भांडण चुकलेले नाही. कळपाचा तिटकारा करणाऱ्या लाव्हेने आपल्या पंथात पुरोहितांच्या पदव्या आणि पायऱ्या ठेवल्या. १९७५ साली त्यातूनच एक शाखा फुटून निराळी झाली. २०१३ साली निघालेल्या दुसऱ्या एका पंथाने तर दयाबुद्धी आणि न्याय यांनाच आपल्या सात तत्त्वांत स्थान दिले. सरकारी आवारात बायबलातल्या दहा आज्ञांचा शिलालेख बसतो, तर आमचीही मूर्ती बसली पाहिजे, असा त्यांचा दावा. २०१५ साली त्यांनी डेट्रॉइटला मूर्तीचे अनावरणही केले. म्हणजे एकट्याच्या स्वातंत्र्यासाठी वर्गणी, सभासद, वकील आणि मूर्ती, असा सगळा संसार त्यांना थाटावा लागला! मला यात त्यांची फजिती दिसत नाही. माणसाला एकटे राहण्याचा हक्क मिळवायलासुद्धा चार माणसे लागतात, हा अनुभव त्यांनाही आला, इतकेच.

तेव्हा एखाद्या पंथाची, जातीची, भाषिक चळवळीची किंवा देवस्थानाची परीक्षा करताना त्याच्या देवाचे नाव विचारून फारसे काही कळत नाही. त्याच्या दाराची कडी कोणत्या बाजूने आहे ते पाहावे. आतल्याला उघडता येत असेल, तर ते घर. बाहेरूनच घातलेली असेल, तर तो तुरुंग, मग त्यात आरती चालो की बंडाचे व्याख्यान. सौंदत्तीच्या डोंगरावरून एखादी मुलगी आज केस विंचरून शाळेत जाते तेव्हा ती कडी तिच्या हाताला लागलेली असते. ती लावून देणाऱ्या बायका बेळगाव जिल्ह्यातल्याच आहेत, आणि त्यांना मदत करायला आपणांपैकी कोणालाही देव किंवा सैतान यांपैकी एकाची बाजू घ्यावी लागत नाही.